भराव

गवंड्याने आयुष्यात घातलेला एकही भराव दबून खाली बसला नव्हता. ही काही त्याची फुशारकी नाही, गल्लीत कुणालाही विचारा. घराच्या जोत्यात माती घालायची ती थराथराने. प्रत्येक थरावर पाणी मारायचं आणि मग धुम्मस घेऊन चोपायची. धुम्मस म्हणजे छातीएवढा दांडा आणि खाली चौकोनी लोखंडी वजन, तो उचलून आपटायचा, उचलून आपटायचा, खांदे भरून येईपर्यंत. घाईचा एखादा मालक म्हणायचाच, पुरे की आता, टाका फरशी. गवंडी हो म्हणायचा, सावलीत जाऊन पाणी प्यायचा आणि मालकाची पाठ वळली की परत सुरू. या सरळपणापायी लोकांनी त्याचं नाव ओळंबा ठेवलं होतं. समोरचा सुतार तर म्हणायचा, याच्या बारशाला दोरीला लोखंड बांधून पाळण्यावर टांगलं असणार.

अशा माणसाच्या स्वतःच्या परसात चार भराव बसले, आणि तेही चांगले वीतभर. आता काय म्हणायचं याला?

त्याचं असं झालं. गवंडीण, म्हणजे त्याची बायको, मागे एकदा पायरीवरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, ती चालायलाही लागली, पण खाली बसणं आणि वाकणं कायमचं गेलं. तिची भाजी सगळी परसात, जमिनीवर. उकिडवं बसून खुरपणारी बाई ती. खाटेवर पडली आणि भिंतीकडे तोंड करून राहिली. विचारलं तर बोलायची, नाही विचारलं तर नाही. आयुष्यभर जिच्या बडबडीला गवंडी कंटाळला होता ती बडबड थांबल्यावर त्याला घर खायला उठलं. एका दुपारी त्याने तिला विचारलं की तुला हवंय तरी काय. ती म्हणाली, तुम्हाला आणता येईल असं काही नाही, जमीन माझ्या हातापर्यंत वर आली असती तर गोष्ट वेगळी.

गवंड्याने हे काम म्हणून ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्याने तिला स्वयंपाकाच्या ओट्याजवळ उभं केलं, कोपराखाली पट्टी धरून माप घेतलं आणि पाडलेल्या घराच्या जुन्या विटा आणून परसात त्याच उंचीचे चार ओटे बांधले. आतून पोकळ, वरून उघडे. आत काय भरायचं यावर दोघांचं भांडण झालं. त्याचं म्हणणं खाली दगडगोटे आणि मुरूम, तिचं म्हणणं काटक्या, पालापाचोळा, शेणखत आणि मग माती. त्याने डोक्याला हात लावला. असल्या भरावावर तर कोंबडीचं खुराडंसुद्धा उभं राहणार नाही, असं तो म्हणाला. मला खुराडं बांधायचं नाही, ती म्हणाली, आणि तेच खरं झालं. काटक्या-पाचोळा गेला आत आणि त्या वर्षी टोमॅटो असे लागले की फांद्यांना आधार द्यावा लागला. गवंडीण उभ्याउभ्या भाजी लावायची, उभ्याउभ्या खुडायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी कुंपणावरून तोंड चालवायची. गवंड्याचा जीव भांड्यात पडला.

पुढे त्यालाही काम सोडावं लागलं. परांचीवर, बांबूच्या मचाणावर, उभा असताना डोळ्यांपुढे अंधारी आली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वजन उचलणं आता बंद. त्याने हत्यारं धुऊन, तेल लावून मागच्या पडवीत ठेवली आणि त्याबद्दल परत कुणाशी बोलला नाही.

काटक्या मात्र आत कुजत होत्या. पाचोळ्याची माती होत होती, आणि वरची माती हळूहळू खाली उतरत होती. सुताराने एकदा कुंपणावरून डोकावून बघितलं आणि मान हलवली. ओळंब्या, तुझा भराव बसला रे, असं तो म्हणाला, ते चांगलं गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. गवंडी कानामागे टाकल्यासारखं करून आत गेला, पण त्या दिवशी तो नीट जेवला नाही.

खरी गोष्ट सुनेमुळे कळली. सून सासूच्या पाठीला तेल लावत होती. लावता लावता तिचा हात बरगडीखाली गेला आणि गवंडीण कळवळली. सुनेने पदर बाजूला करून बघितलं तर आडवा काळानिळा पट्टा. माती खाली गेल्यामुळे गवंडीण विटांच्या कडेवर पोट टेकून आत ओणवी होत होती, रोज, आणि कड बरगडीत रुतत होती. बोलली मात्र नव्हती कुणाला. सुनेने रात्रीच्या जेवणाला सगळ्यांसमोर सांगितलं.

मुलगा टेम्पो चालवायचा. आईवर त्याची माया होती, पण माया दाखवायची तर ती तोडगा काढूनच, असा त्याचा स्वभाव. तो म्हणाला की ओटे पाडून टाकू. भाजी बाजारात मिळते, आईच्या बरगड्या मिळत नाहीत. आणि परसात जागा झाली तर टेम्पोही रस्त्यावर उन्हात तापत उभा राहणार नाही. बोलणं बिनचूक होतं. सगळ्यांनी गवंडिणीकडे बघितलं.

"पाडा," ती म्हणाली.

एवढंच. आवाज अगदी सपाट. हा आवाज गवंड्याच्या ओळखीचा होता, भिंतीकडे तोंड केलेल्या बाईचा. तो म्हणाला, "पाडायचं काही नाही. माझा भराव आहे, मी बघतो." मुलाने डॉक्टरांची आठवण करून दिली. गवंडी म्हणाला की अर्ध्या घमेल्याला डॉक्टरांची ना नाही. डॉक्टरांनी असं काही म्हटलं नव्हतं. शेवटी मुलगा म्हणाला की ठीक आहे, या हंगामात जमलं तर जमलं, आईच्या अंगावर परत वळ दिसला तर मी पहार घेईन. ठरलं.

मुलानेच टेम्पोतून ओढ्याकाठची काळी माती आणून दारात ओतली. गवळ्याकडून मुरलेलं शेणखत आलं. सुताराने पोतंभर ताजा भुसा पाठवला, तो गवंडिणीने आल्या पावली परत केला. कच्चा भुसा मातीतला कस खाऊन टाकतो, तुझ्यासारखाच आयतोबा आहे, असा निरोपही बरोबर गेला. निरोप ऐकून सुतार खूश झाला. गवंडीण बोलायला लागली म्हणजे काळजीचं कारण नाही, असं तो म्हणाला.

परसाच्या मधोमध खुर्ची टाकून ती बसली आणि गवंडी कामाला लागला. आधी उरलेली रोपं मुळासकट काढून ओल्या फडक्यात ठेवली. मग खालची बसलेली माती हलवली. ती काळी, भुसभुशीत, गांडुळांनी भरलेली निघाली. खालच्या काटक्यांचा मागमूस नव्हता. मग नवी माती आणि खत मिसळायची पाळी आली, आणि गवंड्याने पडवीतून वाळूची चाळणी काढली. खत उभ्या चाळणीवर फेकून, गिलाव्याला वाळू चाळावी तसं चाळलं आणि वर राहिलेली ढेकळं उकिरड्यावर टाकून आला. गवंडिणीने त्याला ती सगळी परत आणायला लावली. तो म्हणाला, गोटे आहेत ते. ती म्हणाली, जेवण आहे ते. गवंडी गेला आणि घेऊन आला.

अर्धं घमेलं, थोडं थांबणं, परत अर्धं घमेलं. पूर्वी भरलेलं घमेलं डोक्यावर घेऊन शिडी चढणारा माणूस तो, आता अर्ध्यासाठी कमरेला हात लावत होता. सून कपडे वाळत घालायच्या निमित्ताने परसात यायची आणि जाता जाता दोन-चार घमेली ओतून जायची. सासऱ्याला मदत केली असं दिसू नये म्हणून ओतताना दुसरीकडे बघायची. गवंड्यालाही ते कळायचं आणि तोही दुसरीकडे बघायचा. असं चार दिवस चाललं. माती विटांच्या कडेला येऊन लागली. गवंडीण म्हणाली की कडेच्याही वर ढीग लावा, आंब्याच्या पेटीत वर आंबे दिसतात तसा. गवंडी हो म्हणाला.

आणि मग त्याने भलतंच केलं.

सून सासूला घेऊन दवाखान्यात गेली होती, खुब्याच्या व्यायामासाठी. मुलगा भाडं घेऊन बाहेरगावी. घरात कुणी नव्हतं. गवंडी चार ओट्यांसमोर उभा राहिला. माती वर आली होती, पण हात दाबला तर मनगटापर्यंत आत जात होता. पोकळ. ही परत बसणार, पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी. आणि कुणी सांगावं, तेव्हा भरायला आपण असू की नसू? पोरगा काय, चांगलाच आहे, पण त्याच्या हातात तर आधीच पहार होती. काम करायचं तर असं करावं की मागच्याला परत हात लावावा लागू नये. तो पडवीत गेला आणि धुम्मस उचलला.

एका दुपारीत त्याने चारही ओटे चोपले. थर काढला, पाणी मारलं, चोपलं, पुन्हा थर घातला. ओट्यावर चढून उभ्याने चोपायचं, म्हणजे तोल सांभाळायचा आणि वजनही. श्वास लागला की विटेवर बसायचा, छातीला हात लावून ठोके ऐकायचा, बरं वाटलं की परत उठायचा. उरलेली मातीही त्यातच जिरली. वर पट्टी फिरवली, बुडबुड्याची लेव्हल ठेवून बघितली. बुडबुडा बरोबर मध्ये. आयुष्यातली सगळ्यात सुरेख जमीन झाली होती ती. मग त्याच्या लक्षात आलं की गवंडीण बघता क्षणी ओळखेल. म्हणून त्याने वरून चार बोटं मऊ माती भुरभुरली आणि ढीगही छान आंब्याच्या पेटीसारखा लावला. धुम्मस जागच्या जागी ठेवला, अंघोळ केली आणि पोथी वाचल्यासारखा चेहरा करून ओसरीवर बसला.

गवंडीण आली, बघितलं, हात फिरवला. खूश झाली. म्हणाली, तुमच्या हाताला तोड नाही हो. त्याने मान खाली घातली. लाजला असं तिला वाटलं.

तिने गाजर पेरलं, मुळा पेरला, घेवडा टोचला, टोमॅटोची रोपं लावली. कडेला उभी राहून, कोपर अगदी हलकं टेकून, अंगाला काही न लागता. हिरवं वर आलं. गवंडी रोज पट्टी घेऊन कडेला लावून बघायचा. माती सूतभरही खाली गेली नव्हती. सुताराला बोलावून दाखवली. बसली का, सांग बसली का, असं त्याने विचारलं. सुतार कबूल झाला की नाही बसली बाबा, तू जिंकलास.

पण रोपं बोटभर झाली आणि तिथेच थांबली. पानं पिवळी पडायला लागली. गवंडीण झारीने पाणी घालायची तर पाणी वरच राहायचं, तळं साचायचं आणि कडेने विटांवरून खाली ओघळायचं. तिने आधी खताला दोष दिला, मग गवळ्याला, मग ओढ्याकाठच्या मातीला. गवंडी ऐकत होता. तिचं बोलणं कमी होत चाललं होतं, आणि एका सकाळी ती परसात आलीच नाही. आत बसून शेंगा सोलत राहिली, भिंतीकडे तोंड करून. शेंगा बाजारातल्या होत्या.

भराव पक्का होता आणि तरी भाजी मरत होती, म्हणजे पक्का होता म्हणूनच मरत होती, एवढं कळायला मोठी अक्कल लागत नाही. गवंड्याला ते कळलं होतं, केव्हाच. मग त्याने एक गाजर उपटलं, ते आत नेलं आणि तिच्या ताटलीत शेंगांवर ठेवलं. गाजर म्हणण्यासारखं काही नव्हतंच ते. खाली चार बोटं जाऊन एकदम आडवं वळलं होतं, फरशी लागल्यासारखं.

गवंडिणीने ते उलटंपालटं करून बघितलं. मग नवऱ्याकडे बघितलं. मग विचारलं, "धुम्मस कुठंय?"

"पडवीत."

"कधी?"

"तू दवाखान्यात गेली होतीस तेव्हा."

ती उठली, काठी टेकत परसात गेली आणि ओट्यात काठीच खुपसली. काठी चार बोटं गेली आणि टक्क वाजून थांबली. चारही ओट्यांत तेच. तिचं तोंड लाल झालं. सून धावत बाहेर आली. एवढी वर्षं भाजी खाताय, असं म्हणून गवंडिणीने सुरुवात केली आणि त्याचं गवंडीपण, त्याचा ओळंबा, त्याची पट्टी, कशालाही सोडलं नाही. माझ्या मुळ्यांना काय जोत्यात गाडायचं होतं का, असंही विचारलं. आणि डॉक्टरांनी अर्धं घमेलं नको म्हटलंय तर हा माणूस ओट्यावर चढून धुम्मस आपटतो, तिथे पडला असता तर आम्ही काय करायचं होतं? इथे आल्यावर तिचा आवाज चिरकला आणि ती थांबली.

गवंडी मान खाली घालून उभा होता. आपल्याला आता खरंच सांगावं लागणार, हे त्याला कळलं.

"दरवर्षी बसते ती," तो म्हणाला. "मी नसलो म्हणजे कोण भरणार? म्हटलं, एकदाच असं भरावं की तुला कुणाच्या तोंडाकडे बघायला नको."

सून हळूच कपडे काढायला वळली. वाळलेला एकही नव्हता.

"म्हणजे तुम्ही जायच्या तयारीला लागलात, आणि चोपलं माझ्या गाजरांना," गवंडीण म्हणाली. ती हसली आणि रडलीही, दोन्ही एकदम. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "अहो, ती बसते कारण आतलं सगळं भाजीत जातं आणि भाजी आपल्या पोटात जाते. दरवर्षी बसू दे. दरवर्षी भरा. अर्धं घमेलं झेपलं नाही तर पाव भरा, पाव झेपलं नाही तर वाटीने भरा. पण एकदाच भरून माझ्यातून मोकळे होऊ नका."

गवंड्याने पट्टी उचलली, डोळ्यांजवळ धरली आणि ती सरळ आहे का बघत राहिला. पट्टी सरळच होती. डोळे भरून आल्यामुळे त्याला ती वाकडी दिसत होती.

मग स्वतः चोपलेलं स्वतःच फोडायची वेळ आली. मुलाने आल्यावर सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्या दिवशी भाडं न घेता तो पहार घेऊन परसात उतरला. याच पहारीने तो ओटे पाडणार होता. आता त्याने आतली माती फोडली, आणि फोडता फोडता म्हणाला की बाबा, हे जर जोतं असतं तर याच्यावर तीन मजले चढले असते. गवंडी बाजूला बसून ढेकळं हाताने चुरत होता. त्याला ही स्तुती वाटली, आणि होतीही. सुनेने आता दुसरीकडे बघायचं सोडून दिलं होतं, पदर खोचून सरळ घमेली ओतत होती. पाचोळा आला, खत आलं, ढेकळांसकट. पुन्हा ढीग लागला, सैल, फुगीर, कडेच्या वर. सवयीने गवंड्याचा हात थापायला पुढे झाला आणि गवंडिणीने त्यावर चापट मारली.

हंगाम थोडा उशिरा सुरू झाला, पण झाला. घेवड्याला आधार हवा होता. गवंडीण म्हणाली, तो तुमचा धुम्मस आणा, जड बाजू खाली करून पुरा, वाऱ्याने हलणार नाही. गवंड्याला पहिल्यांदा ते बरं वाटलं नाही. मग त्याने दांडा मातीत उभा केला आणि बाजूला ओळंबा सोडून तो सरळ आहे की नाही ते बघितलं. सुतार कुंपणावरून म्हणाला की घेवड्यालाही आता सरळ वाढावं लागणार. घेवडा दांड्याला वेढे घालत वर गेला, वाकडातिकडा, आणि शेंगांनी लगडला. गाजरं लांब आणि सरळ निघाली. गवंडिणीने त्यातली सगळ्यात मोठी सुताराकडे पाठवली आणि बरोबर निरोप दिला. तो निरोप इथे सांगण्यासारखा नाही.

टेम्पो अजूनही रस्त्यावरच उभा असतो. मुलाने त्याच्यावर ताडपत्री टाकली आहे.

वर्ष फिरलं. शेवटची पालेभाजी खुडून झाली. एका सकाळी गवंडी परसात गेला, पट्टी विटांच्या कडेवर आडवी ठेवली आणि खाली हात घातला. पट्टीच्या आणि मातीच्या मध्ये त्याची मूठ सहज मावली, वर थोडी जागाही राहिली. त्याने मूठ तशीच ठेवली आणि थोडा वेळ उभा राहिला. आतून भांड्यांचा आवाज येत होता, आणि त्या आवाजावरून गवंडिणीचा आवाज.

"काय हो, बसली का माती?"

"बसली," गवंडी म्हणाला, चांगलं गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, आणि घमेलं आणायला गेला.